लोक ‘नको’ म्हणत नाहीत

‘आपल्या लोकांना नवीन काही नको असतं.’ नगरच्या मंडळ्यांत हे ऐकू येतं, पुण्या-मुंबईत ऐकू येतं, वसईच्या धर्मग्रामांतही ऐकू येतं. बोलणारा बहुतेक वेळा पुढच्या खुर्चीवरचा असतो. पाळक, फादर, सेक्रेटरी, ट्रस्टी. बाकावर बसणारा माणूस स्वतःबद्दल असं म्हणत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. हे वाक्य खोटं आहे, आणि त्याच्या आडोशाला चर्चमधली फार कामं अडवून धरलेली आहेत.

पुरावा द्यायचा तर सर्वांत अवघड जागेपासून देतो. दफनभूमीपासून.

मयताच्या रीतीला माणूस सहसा हात लावू देत नाही. वडिलांना शेवटचं काही कमी पडलं असं भाऊबंदांनी म्हणू नये, म्हणून उसने पैसे घेऊन चकचकीत पेटी आणणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तरीही गेल्या काही वर्षांत वसईतल्या काही धर्मग्रामांनी शवपेटी बाजूला ठेवली आणि पांढऱ्या सुती कापडात दफन करण्याची रीत स्वीकारली. कारण कुणालाही पटेल असं होतं. दफनभूमीची जागा वाढत नाही. काही वर्षांनी त्याच जागेत पुन्हा खड्डा घ्यावा लागतो. पॉलिश केलेलं लाकूड, आतलं कृत्रिम कापड, धातूच्या कड्या लवकर मातीत मिसळत नाहीत. पेटीचा खर्च वेगळाच. शिवाय सुती कापडात गरीब कोण आणि श्रीमंत कोण हे कळत नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना ‘तू माती आहेस’ असं जे आपण दर वर्षी ऐकतो, ते या लोकांनी स्वतःच्या आईबापांच्या बाबतीत खरं केलं. जो समाज मरणाची रीत बदलू शकतो, त्याला ‘बदलायला तयार नाही’ म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

हे काही एकट्या वसईचं आणि आजचंच नाही.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनाविधीवरचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेत मिस्सा करायला दार उघडलं. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे असायचे आणि पाठीमागे माणसं आपापल्या जपमाळा ओढत असायची. शेकडो वर्षांची रीत होती ती. काही वर्षांतच ती गेली. धर्मगुरू लोकांकडे वळले, प्रार्थना मराठीत आल्या, गाणी मराठीत आली. कुरकुर झालीच असेल, पण वसईचं मिस्साला जाणं थांबलं नाही. आज साठीच्या आतल्या वसईकराला लॅटिन मिस्सा आठवतही नाही. रविवारच्या उपासनेची आख्खी भाषा बदलून घेणारी ही माणसं भिंतीचा रंग बदलायला घाबरतात असं कुणी सांगत असेल तर त्याला आधी हा इतिहास वाचायला सांगा.

आता कवी टिळकांच्या नगरकडे चला. १० फेब्रुवारी १८९५ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आधीही मराठी ख्रिस्ती माणसं कीर्तनं करत होती, पदं रचत होती, पण चर्चच्या आतल्या गाण्यांवर इंग्रजी चालींचा पगडा होता. टिळकांनी अभंग आणले, भजनं आणली. टाळ आणि तबला जिथं परके वाटत होते तिथं ते आज घरचे झाले. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडा, टिळकांची पदं पानापानावर भेटतात. नगर, पुणे, सोलापूर, जालना, कुठल्याही मंडळीत रविवारी ती गायली जातात, आणि गाणाऱ्या आजीला पुस्तक लागत नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या. गोव्याच्या ख्रिस्ती माणसांनी ते पुराण म्हणून गायलं. एका इंग्रज जेझुइटानं लिहिलेल्या ओव्या गावोगावच्या लोकांनी आपल्याशा केल्या, यापेक्षा मोकळेपणाची मोठी खूण कोणती हवी?

आणि २९ नोव्हेंबर १९७०? त्या दिवशी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे आपण ज्याला सीएनआय म्हणतो ती स्थापन झाली. सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या. त्यांत बिशप मानणारे होते, बिशप न मानणारेही होते. कुणाकडे बाळाचा बाप्तिस्मा, कुणाकडे समज आल्यावर घ्यायचा बाप्तिस्मा. यावरून युरोपात एकेकाळी माणसं मारली गेली आहेत. इथं दोन्ही पद्धती मान्य करून एक मंडळी उभी राहिली. मेथॉडिस्टांच्या एका मोठ्या शाखेनं ऐनवेळी माघार घेतली, आणि पुढे मालमत्तेवरून जे खटले झाले त्यांची लाज आजही वाटते. पण ती भांडणं जमिनी आणि इमारती ज्यांच्या ताब्यात होत्या त्यांची होती. बाकावरच्या माणसानं शेजारी येऊन बसलेल्या दुसऱ्या परंपरेच्या माणसाला सरकून जागा दिली होती.

इतकं सगळं पचवलेल्या लोकांवर ‘नवीन नको’चा शिक्का कसा बसला? माझ्या मते दोन कारणांनी, आणि दोन्ही कारणं बाकाकडची नाहीत.

पहिलं कारण बदल्यांचं. पाळकांची बदली होते, फादरांचीही होते. नवे आले की नवा उपक्रम. घरोघर प्रार्थना, मग तरुणांचं शिबिर, मग बचत गट, मग बायबल पाठांतर, मग झाडं लावणं. फलक लागतो, उद्घाटन होतं, फोटो निघतात, पहिले दोन महिने हजेरी भरते. मग साहेबांची बदली. पुढचे येतात आणि आधीच्यांचं अर्धवट काम कपाटात ठेवून स्वतःचं सुरू करतात. झाडांना पाणी कोण घालतं? बचत गटाचं पासबुक कुणाकडे राहतं? शिबिरात शब्द दिलेल्या मुलांना पुढच्या वर्षी कोण विचारतं? तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या बाईंनी अशा कितीतरी शुभारंभांना टाळ्या वाजवल्या आहेत. या वेळी त्या टाळी वाजवत नाहीत, गप्प बसतात. त्यांच्या गप्प बसण्याला मागासपणा म्हणणं हा अन्याय आहे. त्यांना आठवण आहे, एवढंच. आणि आठवण असलेली माणसं मंडळीत आहेत म्हणून मंडळी टिकून आहे.

उपक्रमाला नकार देणारा माणूस बहुतेक वेळा उपक्रमाला नकार देत नसतो. ‘तुम्ही गेल्यावर हे कोण चालवणार?’ हा त्याचा प्रश्न असतो. तो प्रश्न विचारायची सभेत सोय नसते, म्हणून तो घरी बसून राहतो. मग अहवालात लिहिलं जातं, ‘लोकांचा प्रतिसाद अल्प.’

दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. कुठलं नवीन चटकन मंजूर होतं आणि कुठलं वर्षानुवर्षं लोंबकळतं, हे एकदा नीट पाहा. एलईडीची भिंत एका बैठकीत मंजूर होते. ड्रम सेट, नवी ध्वनियंत्रणा, कमानीचं गेट, संगमरवरी फरशी, सगळं पटापट होतं. कुणी ‘परंपरा’ म्हणत नाही. पण हिशेब दाराशी लावा म्हटलं की परंपरा आठवते. ट्रस्टीपदाला मुदत ठेवा म्हटलं की वडीलधाऱ्यांचा मान आठवतो. वस्तूंच्या बाबतीत आपल्या कमिट्या कमालीच्या आधुनिक आहेत. सही कुणाची, किल्ली कुणाकडे, मत कुणाला, इथं आलं की त्यांचा काळ थांबतो.

तरुणांचं घ्या. नाताळात खुर्च्या मांडायला तरुण संघ, मांडव घालायला तरुण संघ, गाई-गव्हाणीचा देखावा करायला तरुण संघ. चेकवर सही करायची वेळ आली की तरुण अजून ‘लहान’ असतो. तिशीतला मुलगा कंपनीत कोटींचे व्यवहार सांभाळतो आणि स्वतःच्या मंडळीत त्याला दानपेटी मोजायला बसवत नाहीत. तो हळूहळू दुसरीकडे जातो, जिथं त्याला पहिल्या दिवशी काम देतात. मग आपण म्हणतो, तरुण पिढीला चर्चची ओढ राहिली नाही.

स्त्रियांचं तर विचारूच नका. मराठी मुलखात गावोगाव पायी फिरून शुभवर्तमान सांगणाऱ्या बायबल बायका कोण होत्या? पंडिता रमाबाईंना वाटलं की आपल्याकडचं बायबल साध्या बाईला कळत नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सोप्या मराठीत भाषांतर केलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले, छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, पुस्तक १९२४मध्ये आलं. दुष्काळात टाकून दिलेल्या, नवऱ्याच्या घरातून हाकललेल्या बायका शंभर वर्षांपूर्वी संपूर्ण बायबल छापू शकत होत्या. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं तेव्हा ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. आणि आज कमिटीत ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून एक जागा ठेवतात. त्या बाई चहा-नाश्त्याचं बघतात. कॅथलिक चर्चनं १९९४ साली मुलींना वेदीसेवेची मुभा दिली. जानेवारी २०२१मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चचा कायदाच बदलून वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना रीतसर खुली केली. दक्षिण भारतीय मंडळीत २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. वरून दारं उघडलेली आहेत. कडी आतून, आपल्या गावात लागलेली आहे.

नव्यानं राहायला आलेल्यांची गोष्टही हीच. मराठवाड्यातून, नगरच्या खेड्यांतून पुण्या-पिंपरीत कामाला आलेली ख्रिस्ती कुटुंबं वर्षानुवर्षं शेवटच्या बाकावर बसतात. दान घेताना त्यांची पाकिटं चालतात. सभासद यादीत नाव घालायचं म्हटलं की कागदपत्रं अपुरी निघतात, कारण यादीत नाव आलं की मत आलं. वसई-पालघरकडे आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या कुटुंबांना गायकवृंदात, नेतृत्वात किती जागा आहे, हे तिथल्या प्रत्येक धर्मग्रामानं स्वतःला विचारावं. जातीचा विषय इथं कुजबुजून बोलतात. मी मोठ्यानं बोलतो. सोयरीक पाहून कमिटी निवडली जाते ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि ती ख्रिस्ताच्या नावानं चालते याचा मला राग येतो.

पैशाचं बघू. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक समिती असणं सक्तीचं आहे. फादरांच्या मर्जीचा हा विषयच नाही. ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या मंडळ्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. दर वर्षी लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. म्हणजे हिशेब तयार होतो. सरकारी बाबूला तो दिसतो. ज्या विधवेनं आपल्या पेन्शनमधून शंभराची नोट दानपात्रात टाकली, तिला तो दिसत नाही. तो कागद दाराशी चिकटवायला नवा प्रकल्प लागत नाही, निधी लागत नाही. डिंक लागतो.

२०२१च्या ऑक्टोबरात पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या कॅथलिक धर्मग्रामांना विचारलं होतं की आपण एकत्र कसे चालतो, एकमेकांचं ऐकतो का. तीन वर्षं ती प्रक्रिया चालली. ऑक्टोबर २०२४मध्ये रोममध्ये तिचा अंतिम दस्तऐवज झाला, आणि त्यात धर्मग्रामातली सल्लागार मंडळं सक्तीची करा, कारभाराचा जाब द्या, असं स्वच्छ म्हटलं आहे. पोपनी त्यावर स्वतःचं वेगळं पत्र न लिहिता तोच दस्तऐवज लागू केला. जगातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत कडक उतरंडीच्या संस्थेनं हे मान्य केलं. आपल्या मंडळ्यांना, ज्या लोकशाहीचा वारसा सांगतात, त्यांना मात्र वार्षिक सभेत प्रश्न विचारणारा ‘फूट पाडणारा’ वाटतो.

टाळेबंदीतला अनुभव तर ताजा आहे. मार्च २०२०मध्ये चर्चची दारं बंद झाली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबर २०२०ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ला परत उघडली. त्या काळात काय झालं? ज्या आजींना मोबाइलवर फोन उचलता येत नव्हता, त्या नातवाकडून यूट्यूब लावून घेऊन डोक्यावर पदर घेऊन उपासनेला बसल्या. काही मंडळ्यांत माणसांनी घरीच भाकर मोडून प्रभुभोजन घेतलं. दान यूपीआयनं गेलं. दुसऱ्या गावची उपासना ऐकायची नाही असली बंधनं एका आठवड्यात गळून पडली. कुठलाही ठराव नव्हता, प्रशिक्षण नव्हतं, फलक नव्हता. गरज होती आणि लोकांनी मार्ग काढला. आणि दारं उघडल्यावर? माझ्या पाहण्यातल्या कितीतरी ठिकाणी थेट प्रक्षेपण बंद पडलं. अंथरुणाला खिळलेली माणसं, रात्रपाळी करणाऱ्या नर्स, परदेशात नोकरी करणारी मुलं पुन्हा बाहेर राहिली. ते लोकांनी बंद केलं नाही. ‘बाकं रिकामी दिसतात’ म्हणून कमिटीनं बंद केलं.

लोक कशानं उठतात हे पाहायचं असेल तर वसईचंच आणखी एक उदाहरण पुरे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. बागायतीतल्या विहिरींचं गोडं पाणी टँकरनं उपसलं जात होतं, विकास आराखड्याच्या नावानं वाड्या बिल्डरांच्या घशात जाणार होत्या. रविवारी मिस्साला येणारी माणसं रस्त्यावर आली, आणि त्यांच्याबरोबर बिगरख्रिस्ती शेजारीही आले. धर्मगुरूनं पाण्याबद्दल बोलावं का, मोर्चात जावं का, हे त्या काळी नवीनच होतं. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजानं ते उचललं, कारण विहीर त्यांच्या दारातली होती आणि ती आटताना ते रोज पाहत होते. फादर दिब्रिटो पुढे २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, जुलै २०२४मध्ये गेले. त्यांच्याकडे पाहून उपक्रम आखणाऱ्यांनी एवढं जरी शिकलं की आधी लोकांच्या विहिरीत डोकावायचं आणि मग बोलायचं, तरी निम्मं काम होईल.

टिळकांच्याच आयुष्यातली एक गोष्ट या बाबतीत मला सतत अस्वस्थ करते. त्यांची गाणी आपण घेतली. १९१७मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. मिशनच्या पगाराचा आधार सोडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण येशूच्या मागे चालू पाहणारे, सगळे एका कुटुंबात यावेत अशी ती कल्पना होती. ९ मे १९१९ला टिळक गेले, आणि दरबार त्यांच्यामागे उभा राहिला नाही. दोन वर्षांचा वेळ फार अपुरा होता, हे खरं. पण तो पुढे न्यायला कुणी पुढे का आलं नाही? गाणं घेतलं तर कुणाची खुर्ची हलत नव्हती. दरबार घेतला असता तर मिशनरी, पाळक, जुने सभासद, सगळ्यांनाच सरकून बसावं लागलं असतं. शंभर वर्षांनी आपण त्याच ठिकाणी उभे आहोत.

म्हणून पाळकसाहेब, फादर, पुढचा उपक्रम जाहीर करण्याआधी तीन गोष्टी सांगा. यासाठी पैसा कुठून येणार, तुमची बदली झाल्यावर हे कुणाच्या हातात राहणार, आणि हे सुरू करताना जुनं काय बंद करणार. ही उत्तरं तयार नसतील तर फलक छापायला टाकू नका. आणि उत्तरं तयार करताना शेवटच्या बाकावरच्या दोन माणसांना, दोन बायांना आणि पंचविशीच्या आतल्या दोन मुलांना बरोबर घेऊन बसा. चहा त्यांना करायला लावू नका.

आणि बाकावरच्या माझ्या भावांनो, बहिणींनो, तुमच्याकडेही मागणं आहे. घरी जेवताना जे बोलता ते सभेत बोला. सभेची सूचना आली की जा. गेल्या वर्षीच्या हिशेबाची प्रत मागा, सभासद यादी वाचून दाखवायला सांगा, कोण कोण वगळलं गेलंय ते विचारा. एखादं काम अंगावर घेण्याची तयारी ठेवूनच विचारा, कारण नुसता प्रश्न विचारून घरी जाणाऱ्याला टाळणं कमिटीला सोपं जातं. ‘प्रार्थनेनं संपवू या’ असं म्हणून कुणी विषय बंद करू लागलं तर प्रार्थनेआधी उत्तर मागा. उत्तर मिळेपर्यंत वर केलेला हात खाली घेऊ नका.